गर्भ आणि विषाणू : एकाच उपायाने दोन्ही रोखण्याचा प्रश्न

डेपो-प्रोव्हेरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन. त्यामुळे एचआयव्हीची बाधा होण्याची शक्यता वाढते का, हा वाद आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात वर्षानुवर्षे धुमसत होता. तो एकदाचा मिटावा म्हणून दक्षिण आफ्रिका, केनिया, झांबिया आणि एस्वातिनी या चार देशांत ‘इको’ नावाचा अभ्यास झाला. १६ ते ३५ वयाच्या ७,८२९ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला डेपो दिले, दुसऱ्याला तांबी आणि तिसऱ्याला दंडात बसवायचे इम्प्लांट. जून २०१९ मध्ये निकाल आला. तिन्ही साधनांत धोक्याच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही आणि वादावर पडदा पडला.

त्याच निकालाच्या पोटात आणखी एक आकडा होता. अभ्यासाच्या काळात ३९७ जणींना नव्याने एचआयव्हीची बाधा झाली, म्हणजे शंभर स्त्रियांमागे वर्षाला ३.८१. या स्त्रिया एचआयव्हीचा धोका जास्त म्हणून वेचून घेतलेल्या नव्हत्या. त्या पाळणा लांबवायला आलेल्या साध्या बायका होत्या. त्यांना कंडोम दिले जात होते, सल्ला दिला जात होता, वरचेवर तपासणी होत होती. एवढे करून गर्भ टळला, विषाणू मात्र टळला नाही. गर्भधारणा आणि एचआयव्ही या दोन्हींपासून एकाच साधनाने संरक्षण द्यावे, या कल्पनेचा सर्वांत भक्कम आधार माझ्या मते हाच आकडा आहे. जिला दोन्ही संरक्षणे हवीत ती स्त्री आधीच दवाखान्यात येऊन बसलेली आहे. फक्त ती एकाच कामासाठी आलेली असते.

पुण्याला हे नवे नाही. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतले डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. वेश्याव्यवसाय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांत एचआयव्हीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. यातल्या बहुतेकींचा आयुष्यातला एकमेव जोडीदार म्हणजे नवरा. त्या आजाराची तक्रार घेऊन आल्या होत्या, त्यामुळे हा आकडा सर्वसाधारण स्त्रियांना लावता येणार नाही. पण ‘धोका कुणाला’ या प्रश्नाचे ठरीव उत्तर त्याने मोडून काढले. लग्न हेच धोक्याचे कारण असेल, तर ‘धोक्याचे वर्तन टाळा’ या उपदेशाला काही अर्थ उरत नाही.

कंडोम असताना आणखी काही कशाला?

दोन्ही संरक्षणे देणारे साधन पूर्वीपासून आहे. कंडोम गर्भ रोखतो, एचआयव्ही रोखतो, शिवाय परमा आणि उपदंशासारखे आजारही बऱ्याच अंशी रोखतो. पुढे येणारे एकही साधन या तिसऱ्या बाबतीत कंडोमची बरोबरी करत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तो पुरुषाने वापरायचा असतो. १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला स्त्रियांचा कंडोमही पुरुषाला दिसतो, म्हणजे त्याची संमती लागतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातल्या विवाहित जोडप्यांत कंडोम वापरणारी ९.५ टक्के निघाली, तर स्त्रीची नसबंदी झालेली ३७.९ टक्के. महाराष्ट्रात नसबंदीचा आकडा ४९.१ टक्क्यांवर जातो.

त्यामुळे पुढच्या विवेचनाला इथेच मर्यादा घालायला हवी. एकत्रित साधनाची कल्पना एक गोष्ट गृहीत धरते : स्त्रीला पुढची बरीच वर्षे गर्भ नको असतो, पण तो कायमचा नको असे नसते. आफ्रिकेच्या दक्षिण भागात हे गृहीतक बसते. तिथे मुलांमधले अंतर तात्पुरत्या साधनांनी राखले जाते. आपल्याकडे दुसऱ्या मुलानंतर ऑपरेशन करून मोकळी झालेली बाई गर्भनिरोधकासाठी पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. नव्वदच्या दशकातल्या पुण्याच्या त्या स्त्रियांपैकी किती जणींना अशा साधनाचा उपयोग झाला असता, याची मला शंका आहे. म्हणून या विषयाचे खरे स्थान जोहान्सबर्ग, हरारे आणि क्वाझुलू-नाताल इथे आहे. आपण त्याकडे तिथूनच पाहू.

जेल ते गोळी : सातत्याचा धडा

पहिला प्रयत्न अगदी सरळ तर्काचा होता. नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्रजंतुनाशक रसायन प्रयोगशाळेत एचआयव्हीलाही मारते, तर योनीत लावायच्या जेलमधून ते दोन्ही कामे करेल. २००० साली निकाल आला तो उलटा. जेल वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत बाधा वाढली, कारण ते रसायन योनीच्या नाजूक अस्तरालाच इजा करत होते. सेल्युलोज सल्फेटच्या जेलची चाचणी बागलकोट आणि चेन्नईतही चालू होती. जानेवारी २००७ मध्ये तीही थांबवावी लागली.

मग थेट विषाणूविरोधी औषधच जेलमध्ये घालण्याचा मार्ग निघाला. टेनोफोव्हिर जेल सुरक्षित आहे का, हे तपासणाऱ्या २०० स्त्रियांच्या चाचणीतले एक केंद्र पुण्यात होते. २०१० मध्ये कुरैशा आणि सलीम अब्दुल करीम या दांपत्याने क्वाझुलू-नातालमधल्या ८८९ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल जाहीर केला : बाधेत ३९ टक्के घट. स्त्रीच्या हातातले साधन काम करू शकते, हे प्रथमच सिद्ध झाले. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र हे यश टिकले नाही.

असे का झाले, याचे उत्तर ‘व्हॉइस’ चाचणीने दिले. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथल्या ५,०२९ स्त्रियांना रोजची गोळी किंवा रोजचे जेल दिले होते. विचारले की बहुतेक जणी सांगत, घेतो रोज. रिकाम्या पाकिटांची मोजणीही तेच सांगे. रक्त तपासले तेव्हा तीस टक्क्यांहून कमी नमुन्यांत औषध सापडले. २०१३ मध्ये हे जाहीर झाले तेव्हा अनेकांनी स्त्रियांना खोटे बोलणाऱ्या ठरवले. मला ती टीका उथळ वाटते. नंतरच्या मुलाखतींतून जे बाहेर आले ते साधे होते. ही गोळी एचआयव्ही झालेले लोक घेतात, हे सगळ्यांना माहीत होते. डबी सापडली तर सासू काय म्हणेल, नवरा काय म्हणेल? निरोगी असताना आजाऱ्याचे औषध रोज घेणे म्हणजे आपल्यावर किंवा आपल्या माणसावर संशयाचा शिक्का मारून घेणे.

इथून एकत्रित गोळीचा खरा युक्तिवाद निघतो, आणि तो रसायनशास्त्राचा नाही. गर्भनिरोधक गोळीला घरात काही एक जागा असते. ती का घेतेस, याचे उत्तर बाईला देता येते. त्या उत्तराच्या आडून एचआयव्हीचे औषधही घेता आले, तर लाज आणि संशय दोन्ही टळतात.

गोळीची रचना आणि तिच्यातली गाठ

ही गोळी आपल्या वाचकांना चटकन कळेल, कारण तिचा अर्धा भाग म्हणजे आपली माला-डी आहे. माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ गोळ्यांत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडिऑल, उरलेल्या सात लोहाच्या. व्हिएट्रिस कंपनी, पॉप्युलेशन कौन्सिल आणि इतर संस्थांनी मिळून विकसित केलेल्या दुहेरी गोळीत हीच दोन संप्रेरके त्याच प्रमाणात आहेत. त्यांच्या जोडीला टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे, म्हणजे ‘प्रेप’. चारही औषधे अनेक वर्षे वापरात असलेली आणि परस्परांच्या कामात अडथळा न आणणारी. त्यामुळे हजारो स्त्रियांवर नव्याने परिणामकारकता तपासण्याची गरज नाही. एकत्र केल्यावर औषधे रक्तात पूर्वीइतकीच उतरतात, एवढे दाखवले की नियामकांचे समाधान होते. सगळ्या पर्यायांत गोळी पुढे गेली ती यामुळे. जोहान्सबर्ग आणि हरारे इथल्या छोट्या अभ्यासांत स्त्रियांनी दोन वेगळ्या गोळ्यांपेक्षा एका गोळीला पसंती दिली. अर्थात पसंती म्हणजे सातत्य नव्हे. व्हॉइसनंतर हे वेगळे सांगायला नको.

खरी अडचण पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्यांची आहे. माला-डीच्या लोहाच्या गोळ्या कित्येक बायका घेतच नाहीत. पाळी येते, सात दिवस जातात, नवे पाकीट सुरू होते. त्याने गर्भनिरोधनात काही बिघडत नाही. दुहेरी गोळीच्या पाकिटात त्या सात गोळ्यांत संप्रेरके नाहीत, पण प्रेप आहे. त्या वगळल्या तर महिन्यातला चौथा आठवडा औषधाविना जातो. योनीच्या पेशींत टेनोफोव्हिर गुदाशयाच्या पेशींच्या तुलनेत फार कमी साठते. म्हणून पुरुषांना जितक्या चुका परवडतात तितक्या स्त्रियांना परवडत नाहीत. जवळजवळ रोज गोळी घ्यावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली सवय इथे नेमकी उलट काम करते. ‘शेवटच्या सात गोळ्या सोडल्या तरी चालतात’ हे बाईने आईकडून किंवा मावशीकडून ऐकलेले असते, आणि नर्सला पाच मिनिटांत ते पुसायचे असते.

चुकलेल्या गोळीचा हिशेबही दोन्हीकडे सारखा नाही. संप्रेरकांची एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी, सहसा काही होत नाही. लागोपाठ दोन चुकल्या की वेगळी काळजी घ्यावी लागते. गर्भ राहिला तर पाळी चुकते, महिन्याभरात कळते. एचआयव्हीची बाधा झाली तर चाचणी करेपर्यंत काहीच कळत नाही. एका चुकीची शिक्षा लवकर दिसते, दुसरीची दिसत नाही. माणूस दिसणाऱ्या शिक्षेवरून शिकतो. म्हणूनच गर्भाच्या भीतीच्या मागे प्रेपला बांधण्यात शहाणपण आहे, असे गोळीचे समर्थक म्हणतात. हे म्हणणे मला पटते, पण अर्धेच.

कारण बांधण्याला दुसरी बाजूही आहे. बाईला मूल हवेसे वाटले की ती गोळी थांबवते. त्या क्षणी तिचे एचआयव्ही संरक्षणही थांबते, आणि नेमके त्याच महिन्यांत ती कंडोमविना संबंध ठेवणार असते. गरोदरपणात एचआयव्हीची बाधा झाली तर बाळालाही धोका. म्हणजे सर्वांत नाजूक वेळी ही जोडगोळी साथ सोडते. तेव्हा तिला नुसत्या प्रेपवर नेण्याची सोय त्याच दवाखान्यात, त्याच दिवशी हवी. चाचणीत बाधा निघाली तरी असेच : दुहेरी गोळी बंद होते, तिच्याबरोबर गर्भनिरोधनही जाते. निर्बंधांचीही बेरीज होते. संप्रेरकांसाठी रक्तदाब पाहावा लागतो, अर्धशिशीचा काही प्रकारांतला इतिहास विचारावा लागतो. टेनोफोव्हिरसाठी मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी तपासावे लागतात. शिवाय दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी. माला-डी बाई औषधाच्या दुकानातून सहज घेऊन येते; या गोळीसाठी तिला वारंवार दवाखान्यात हजेरी लावावी लागणार.

आणखी एक विसंगती भूगोलाची आहे. एचआयव्हीचा भार जिथे सर्वांत जास्त, त्या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत स्त्रियांचा कल इंजेक्शनाकडे आणि इम्प्लांटकडे. डेपो लोकप्रिय आहे ते घरात त्याची खूण राहत नाही म्हणून. पाकीट नाही, डबी नाही, कुणाला विचारायचे कारण नाही. याला मोठा अपवाद झिम्बाब्वे. तिथे २०१५ च्या सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४१ टक्के गोळी घेत होत्या. गोळीच्या सुरुवातीच्या अभ्यासांसाठी हरारेची निवड म्हणूनच शहाणपणाची वाटते. इतर देशांत मात्र इंजेक्शनवर समाधानी असलेल्या बाईने एचआयव्हीसाठी पुन्हा रोजच्या गोळीकडे वळावे, ही अपेक्षा ओढाताणीची आहे.

रिंग आणि इंजेक्शन

डॅपिव्हिरीन हे विषाणूविरोधी औषध असलेली सिलिकॉनची रिंग योनीत महिनाभर ठेवायची. दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१६ मध्ये आले : बाधेत सुमारे ३० टक्के घट. २१ पेक्षा लहान मुलींत मात्र संरक्षण दिसले नाही, कारण बहुधा रिंग काढून ठेवली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिची शिफारस केली. अमेरिकेत मात्र मान्यतेचा अर्ज मागे घ्यावा लागला. याच रिंगमध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल घालून तीन महिन्यांचे दुहेरी साधन करायचे, ही पुढची पायरी.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात लेव्होनॉर्जेस्ट्रेलचा रेणू काही प्रकारच्या सिलिकॉनमध्ये पक्के होण्याच्या रासायनिक क्रियेतच अडकून बसतो आणि बाहेर पडत नाही. टेनोफोव्हिरच्या दुहेरी रिंगमध्ये वेगळी अडचण. टेनोफोव्हिर दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या आसपास झिरपायला हवे, लेव्होनॉर्जेस्ट्रेल फक्त वीस मायक्रोग्रॅम. म्हणजे एकाच वळ्यातून पाचशेपट फरकाचे दोन प्रवाह. एक औषध पाण्यात विरघळणारे, दुसरे पाण्याला दूर सारणारे. त्यासाठी दोन वेगळ्या प्लास्टिकच्या तुकड्यांची जोडलेली रिंग करावी लागली.

नियामकांपुढचा पेच याहून अवघड आहे. गर्भनिरोधक म्हणून सिद्ध व्हायचे तर गर्भ राहू शकेल अशा स्त्रियांवर चाचणी हवी आणि शंभर स्त्री-वर्षांमागे किती गर्भ राहिले, हा पर्ल निर्देशांक काढावा लागतो. एचआयव्ही प्रतिबंधाच्या बहुतेक चाचण्यांत मात्र गर्भनिरोधक वापरणे ही सहभागाची अटच असे. एका चाचणीने जे टाळायला सांगायचे, तेच दुसरीने मोजायचे. त्यात आता परिणामकारक प्रेप उपलब्ध असताना कुणाला नुसते निष्प्रभ औषध देणे नीतीला धरून नाही, त्यामुळे एचआयव्हीबाबतची तुलनाही कठीण झाली आहे.

मग आले लेनाकॅपाव्हिर. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या त्वचेखाली घ्यायचे हे इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वयाच्या तरुणींवरच्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही बाधा झाली नाही. त्याच चाचणीत रोजची गोळी घेणाऱ्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना झाली. २०२४ सालच्या या निकालाने चित्रच पालटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये या औषधाच्या स्वस्त उत्पादनाचे परवाने सहा कंपन्यांना मिळाले. त्यांत पुण्याची एम्क्युअर आहे. २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरला ते देण्याची घोषणाही डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्याबरोबरच्या करारांतून झाली आहे. त्वचेखाली घ्यायचे डेपोही उपलब्ध आहे, स्त्री ते स्वतः टोचू शकते. दोन्ही एका सिरिंजमध्ये मिसळण्याची गरज नाही. डेपोच्या दर दुसऱ्या भेटीला लेनाकॅपाव्हिर टोचले की झाले. बाईला मूल हवे असेल तर डेपो थांबवता येते आणि लेनाकॅपाव्हिर चालू ठेवता येते. गोळीत पडलेली गाठ इथे पडतच नाही.

पैसा कुणाच्या खात्यातला?

औषधे तयार असूनही ती एका खोलीत येत नाहीत, याचे कारण हिशेबाच्या वह्या वेगळ्या आहेत. आफ्रिकेतल्या एचआयव्ही कार्यक्रमाचा सर्वांत मोठा देणगीदार म्हणजे २००३ मध्ये सुरू झालेला अमेरिकेचा पेपफार. त्याच्या पैशातून कंडोम घेता येतात, इतर गर्भनिरोधके घेता येत नाहीत. मग चार औषधांच्या एका गोळीचा खर्च कुणी करायचा? अर्धी गोळी एका खात्यातून आणि अर्धी दुसऱ्यातून विकत घेता येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली. दक्षिण आफ्रिकेत नव्या रिंगच्या चाचणीत सहभागी झालेल्या स्त्रियांना रिंग काढून घेण्यासाठी बोलावण्यात आले. दुहेरी साधनांवर काम करणारे संशोधन प्रकल्प मध्येच बंद पडले. फेब्रुवारीत काही कामांना सूट मिळाली, पण पेपफारच्या पैशातून प्रेप देण्याची मुभा फक्त गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांपुरती ठेवली गेली. म्हणजे जी बाई गर्भ टाळते, ती यादीबाहेर. आईच्या पोटातल्या बाळासाठी औषध आहे, स्वतःसाठी ते मागणाऱ्या बाईसाठी नाही. हा निर्णय मी अन्यायाचाच मानतो, आणि इको अभ्यासाच्या आकड्याकडे पाहिले तर तो अडाणीपणाचाही आहे. आपण त्यांना नावे ठेवण्याआधी एवढे आठवावे : आपल्याकडेही गरोदर बाईची एचआयव्ही चाचणी ठरलेली असते, तांबी बसवायला किंवा माला-एन न्यायला आलेल्या बाईला ती सहसा कुणी विचारत नाही.

एकूण पर्याय पाहता माझे मत असे. दुहेरी गोळी ही योग्य पहिली पायरी आहे आणि झिम्बाब्वेसारख्या गोळीप्रिय देशांत ती चालेल. पण तिच्याकडून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतली साथ रोखण्याची अपेक्षा ठेवू नये. रिंगवरचे संशोधन सोडू नये, कारण काही स्त्रियांना ना गोळी हवी असते ना सुई. सर्वाधिक भर मात्र दोन इंजेक्शने एकाच टेबलावर ठेवण्यावर असावा. डेपो द्यायला बसलेल्या नर्सने त्याच भेटीत एचआयव्ही चाचणी करावी आणि प्रेप द्यावे, यासाठी कुठल्याही नव्या औषधाला मंजुरी लागत नाही, नवी चाचणी लागत नाही. लागतो तो कुटुंबनियोजन आणि एचआयव्ही या दोन विभागांतला पुरवठा एका खोलीत आणण्याचा सरकारी आदेश.